हल्ली मुक्काम

माणसाने साठी उलटली की काशीला जावं, असं आमचे वडील म्हणत. सत्तरी उलटली की अमेरिकेला यावं, असं आमचे चिरंजीव म्हणतात. काशीला निघताना वडिलांचं एक वळकटी, एक फिरकीचा तांब्या आणि शेजाऱ्याच्या हाती दिलेली घराची किल्ली एवढ्यावर भागलं होतं. अमेरिकेला निघताना मला मात्र मी जन्मलो होतो हे सिद्ध करावं लागलं.

ही गोष्ट सोपी असेल अशी माझी भाबडी समजूत होती. मी खिडकीसमोर उभा होतो. खिडकीतल्या माणसाला मी दिसत होतो. माझा आवाज त्याला ऐकू जात होता. शाळामास्तराचा आवाज आहे, तो शेजारच्या खिडकीतल्यालाही ऐकू जात होता. इतकं असताना "तुमचा जन्म झाला याला पुरावा काय?" हा प्रश्न विचारायला एक तर तत्त्वज्ञ लागतो, नाही तर लिपिक. तत्त्वज्ञांची आमच्या भागात टंचाई आहे.

हे कार्यालय कोणतं, ते सांगत नाही. भीती म्हणून नव्हे. पण पुतण्याच्या मुलीच्या दाखल्यासाठी पुढल्या महिन्यात तिथंच जायचं आहे. तेव्हा समजा, एक खिडकी. आणि समजा, आणखी एक खिडकी. त्या दोन खिडक्यांच्या मध्ये वैनगंगा वाहते एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

झालं असं, की मुलगा तिकडचा नागरिक झाला. तिकडच्या नागरिकाला आपल्या आईबापांना कायमचं बोलावून घेता येतं. त्यासाठी कागद मागतात. जन्माचा दाखला, लग्नाचा दाखला, पोलिसांचा दाखला. मागणं मुळीच गैर नाही. कोणाच्या घरी कायमचं राहायला जायचं, तर घरमालक दोन प्रश्न विचारणारच. उलट मला प्रामाणिकपणे सांगायला हवं, की या बाबतीत घरमालक समंजस निघाला. आपल्याकडे जन्ममृत्यूच्या नोंदणीचा १९६९ चा कायदा १ एप्रिल १९७० पासून अमलात आला. त्याआधी जन्मलेल्या माणसापाशी दाखला नसण्याचा संभव आहे, ही गोष्ट अमेरिकेच्या नियमांत चक्क लिहून ठेवलेली आहे. दाखला नसेल तर नोंद नसल्याचं सरकारी पत्र आणा, शाळेचा दाखला आणा, तुमचा जन्म ठाऊक असलेल्या वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं आणा, आम्ही विचार करू, असं ते म्हणतात. सातासमुद्रापलीकडच्या माणसाला आमच्या गावचं हे दुखणं ठाऊक. गावातल्या खिडकीला मात्र ठाऊक नाही.

आता मी कुठला, ते सांगतो. जरा सावकाश वाचा. मलाही ते सत्तराव्या वर्षी नीट कळलं.

मी जन्मलो १९५२ साली, चामोर्शीच्या बाजूला, मार्कंड्याच्या देवळापासून बैलगाडीने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. त्या वेळी आमचं गाव चांदा जिल्ह्यात होतं आणि चांदा जिल्हा मध्यप्रदेशात होता. राजधानी नागपूर. भोपाळशी आमचा काडीचा संबंध नव्हता. १ नोव्हेंबर १९५६ ला आम्ही द्विभाषिक मुंबई राज्यात गेलो. १ मे १९६० ला महाराष्ट्रात आलो. म्हणजे आठव्या वर्षापर्यंत मी तीन राज्यांचा रहिवासी झालो होतो, तेही घराच्या ओसरीवरून न उठता. १९६४ च्या सुमारास चांद्याचं चंद्रपूर झालं. रेल्वेपर्यंत ही बातमी अजून पूर्णपणे पोचलेली नाही; गोंदियाच्या गाडीचं स्टेशन आजही चांदा फोर्टच आहे. भद्रावतीचा दारूगोळ्याचा कारखानाही चांद्याच्याच नावाने ओळखला जातो. मग २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपूर जिल्ह्याचे दोन भाग झाले, वैनगंगेच्या अलीकडे गडचिरोली हा नवा जिल्हा निघाला, आणि आमचं गाव त्यात गेलं. चांदा, चंद्रपूर, गडचिरोली. तीन जिल्हे. ओसरी तीच.

आमची सौभाग्यवती राजुऱ्याची. चंद्रपुरातून वर्धा नदी ओलांडली की राजुरा. आम्ही लग्नाला बसने गेलो, दुपारच्या आत पोचलो. पण सरकारदरबारी ही बाई परदेशी म्हणावी अशी. ती १९५५ साली जन्मली तेव्हा राजुरा हैदराबाद राज्याच्या अदिलाबाद जिल्ह्यात होतं. १९५६ साली ते नांदेड जिल्ह्यात गेलं आणि १९५९ साली चंद्रपूरला जोडलं गेलं. तिच्या वडिलांच्या शेताचा कागद उर्दूत आहे. तो घरात कोणाला वाचता येत नाही. त्यामुळे शेत आपलंच आहे या विश्वासावर तीन पिढ्या सुखाने नांदल्या.

तर असा मी, पहिल्या खिडकीशी गेलो. म्हणालो, जन्माच्या नोंदीची नक्कल पाहिजे.

"गाव?"

सांगितलं.

"साल?"

"एकोणीसशे बावन्न."

"मंग तो जुन्या जिल्ह्यात असन ना जी. आमचा जिल्हा तवा कुठं होता?"

बरोबर होतं. मी नदी ओलांडली. दुसऱ्या खिडकीशी गेलो.

"गाव?"

सांगितलं.

"हे गाव आमच्या जिल्ह्यात येत नाही काका. ब्याऐंशी सालीच गेलं."

हेही बरोबर होतं. दोन्ही माणसं सज्जन होती. दोघांनीही मला बसायला खुर्ची दिली, एकाने पाणी दिलं. दोघांचंही म्हणणं इतिहासाला धरून होतं. माझं तेवढं भूगोलात बसत नव्हतं.

चौथ्या खेपेला कोणाला तरी दया आली आणि जुनी कोतवाल पंजी निघाली. आमच्या विदर्भात ही पंजी म्हणजे वेदांच्या खालोखाल. गावचा कोतवाल गावात कोण जन्मलं, कोण मेलं ते सांगे आणि त्याची नोंद होई. जातीच्या दाखल्यांची अर्धी लढाई आजही या पंजीवर लढली जाते. वाळवीने कडा खाल्लेलं ते पान उघडलं आणि त्यात माझी नोंद सापडली. बापाचं नाव, गावाचं नाव, जात, आणि पुढे लिहिलेलं: मुलगा.

बस्स. मुलगा. नाव नाही. कसं असणार? नोंद झाली तेव्हा माझं बारसं झालं नव्हतं.

"हा मुलगा म्हणजे तुमीच, याले काय पुरावा?"

मी म्हणालो, "आम्ही पाच भावंडं. चार बहिणी आणि मी."

"म्हंजे एक भाऊ लहानपणी गेला नसन कशावरून?"

मी निरुत्तर झालो. शिक्षकी पेशात इतक्या वर्षांत कोणा विद्यार्थ्याने मला इतका बिनतोड प्रश्न विचारला नव्हता.

शिवाय नोंदीतली तारीख शाळेच्या दाखल्याशी जुळेना. शाळेच्या दाखल्यावर माझी जन्मतारीख १ जुलै आहे. माझ्या पिढीतले बहुतेक सगळे १ जुलैला किंवा १ जूनला जन्मले. त्या दोन दिवशी आपल्या देशातल्या सुईणींना पाणी प्यायला उसंत मिळाली नसावी. खरी गोष्ट एवढीच, की बाप मुलाला खांद्यावर घेऊन शाळेत येई, गुरुजी मुलाकडे बघत, उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लागतो का ते बघत आणि तारीख टाकत. पुढे गुरुजी झाल्यावर मीही अशा कितीतरी तारखा टाकल्या आहेत. तेव्हा हे पाप मी माझ्याच हाताने वाढवलेलं आहे, हे कबूल करतो.

शेवटी ठरलं, की माझ्या नावाची नोंद उपलब्ध नाही असा दाखला घ्यायचा. त्याचाही नमुना आहे, त्याला नंबर आहे, दहा. सरकारपाशी काही नाही, याचा दाखला. तो मिळवायला माझ्यापाशी काय काय आहे, ते सगळं जोडावं लागलं: आधार, पासपोर्ट, पेन्शनचा कागद, शाळेचा दाखला आणि रहिवासी दाखला. रहिवासी दाखल्याला काय लागतं, ते विचारलं. "जन्माचा दाखला असला तं लवकर होते," असं उत्तर मिळालं. मी घरी येऊन आडवा झालो.

मावशीचं सांगायलाच हवं. माझा जन्म ठाऊक असलेली एकच व्यक्ती आता हयात आहे, ती म्हणजे मावशी. अठ्ठ्याऐंशी वर्षांची. तिला रिक्षात घालून वकिलाकडे नेली. वकिलाने प्रतिज्ञापत्र टाईप करून ठेवलंच होतं. ते वाचून दाखवलं: अमुक अमुक याचा जन्म १ जुलै १९५२ रोजी माझ्या समक्ष...

"काय म्हणते?" मावशी म्हणाली. "एक जुलै? कोन सांगतलं? ह्यो तान्ह्या पोळ्याचा हाय. पोरं नंदीबैल घेऊन दारात उभी, आन् आतून हा रडला. दाईले मीच आनलं बलावून. चिखलात पडली होती मी."

वकील माझ्याकडे बघू लागला. मी वकिलाकडे. शाळेच्या दाखल्यावर १ जुलै, पासपोर्टवर १ जुलै, पेन्शन १ जुलैच्या हिशेबाने मिळालेली. आता तान्हा पोळा कुठून आणायचा? अर्धा तास समजूत घातल्यावर मावशीने अंगठा दिला. उठताना मात्र म्हणाली, "खोटं बोलाले लावलं बाप्पा मले, ह्या वयात."

हसू येईल तुम्हाला. त्या क्षणी मलाही आलं. रात्री आलं नाही. माझ्या जन्माची खरी तारीख सांगू शकणारं एकच माणूस जगात उरलेलं आहे, आणि तिला सत्यप्रतिज्ञेवर खोटी तारीख सांगायला मीच लावलं. का? तर तीन कागद आधीच खोटं बोलले होते आणि त्यांची संख्या जास्त होती.

त्यानंतरचा अर्ज अमेरिकेचा, संगणकावरचा. तो मुलाने फोनवरून भरून घेतला. त्यात एक कलम असं आहे, की वयाच्या सोळाव्या वर्षापासून तुम्ही जिथं जिथं राहिलात ते सगळे पत्ते द्या. पहिल्या पत्त्यालाच गाडी अडली.

"बाबा, पिनकोड?"

"अरे, मी सोळा वर्षांचा झालो अडुसष्ट साली. पिनकोड आला १५ ऑगस्ट १९७२ ला."

"आत्ताचा टाका. पुढचा पत्ता?"

"धानोरा. शाळेच्या मागची खोली."

"घर नंबर?"

"नंबर नव्हता. मोहाच्या झाडापलीकडे."

"बाबा, मोहाचं झाड त्या रकान्यात बसत नाही."

असे आम्ही धानोरा, एटापल्ली, सिरोंचा, कुरखेडा करत आलो. माझ्या बदल्यांची यादी वाचून अमेरिकन साहेबाला वाटलं असेल, हा माणूस कशापासून तरी पळत होता. जन्माच्या राज्यापाशी पुन्हा अडलं. मी म्हणालो, मध्यप्रदेश लिही.

"पासपोर्टवर महाराष्ट्र आहे बाबा."

"पण बावन्न साली महाराष्ट्र राज्य नव्हतं रे."

"बाबा, तुम्ही अमेरिकेला राहायला येताय की इतिहास शिकवायला?"

मी गप्प बसलो. महाराष्ट्र लिहिलं. म्हणजे स्थापनेच्या आठ वर्षं आधी महाराष्ट्रात जन्मलेला मी एक माणूस आहे. असे आमच्याकडे पुष्कळ आहेत.

इथवर ही माझी हौशी रडकथा. सत्तरी उलटलेल्या, पेन्शन खाणाऱ्या, मुलगा परदेशी असलेल्या माणसाला चार खेपा पडल्या तर काय बिघडलं? काही बिघडलं नाही. नाही झाले कागद, तर अमेरिका राहिली, ओसरी आहेच. हा लेख मी माझ्यासाठी लिहितच नव्हतो. पण पाचव्या खेपेला त्याच खिडकीच्या रांगेत माझा एक जुना विद्यार्थी भेटला. सातवीपर्यंत शिकला, मग बापाबरोबर शेतात गेला. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत कागद. वाकून नमस्कार केला.

"तुमी कायले आले जी गुरुजी?"

मी सांगितलं. त्याला विचारलं, तू?

त्याचं शेत जंगलाच्या जमिनीवर आहे. आजा तेच कसत होता, बाप तेच कसत होता, हाही तेच कसतो. २००६ सालचा वनहक्क कायदा आला आणि अशा लोकांना हक्क सांगता येऊ लागला. कायदा चांगला. पण त्यात दोन पायऱ्या आहेत. आदिवासींना १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा ताबा दाखवावा लागतो. जो आदिवासी नाही, पण पिढ्यान् पिढ्या जंगलावरच जगत आला, त्याला त्या तारखेआधीचं तीन पिढ्यांचं वास्तव्य दाखवावं लागतं, आणि कायद्यातली एक पिढी म्हणजे पंचवीस वर्षं. म्हणजे पंचाहत्तर वर्षं. म्हणजे १९३० साल. हा माझा विद्यार्थी दुसऱ्या पायरीवरचा. १९३० साली आपण गावात होतो, हे त्याला सिद्ध करायचं होतं. १९३० साली! तेव्हा इथं मध्यप्रांत होता, इंग्रज होता, निम्मं रान जमीनदारांचं होतं. त्या जमीनदाऱ्या १९५१ साली गेल्या. त्याच्या आज्याने कोणाला शेतसारा दिला असेल, तर त्याची पावती त्याने धोतराच्या गाठीला बांधली असेल. ते धोतर आता कुठं शोधायचं?

मी त्याला दोन शब्द धीराचे सांगितले. तेव्हा तो हसून म्हणाला, "गुरुजी, तुमाले जाचं हाय म्हनून कागद पाह्यजे. आमाले राहाचं हाय म्हनून पाह्यजे."

वाचकहो, हे वाक्य मी विसरू शकलेलो नाही. मी त्याला भाषेत शंभरातले पस्तीस दिले होते. ते कमी दिले.

आता माझं भांडण नीट मांडतो. कागद नकोत, असं मी म्हणत नाही. नोंद पाहिजे, दाखला पाहिजे, तपास पाहिजे. "कागद विचारले नाहीत तर उद्या कोणीही उठून काहीही सांगेल," असं एक साहेब मला म्हणाले. खरं आहे. पण खोटा माणूस कागदावाचून कधी अडला आहे, असं कोणी पाहिलं आहे का? त्याच्यापाशी सगळे कागद असतात, एकाला दोन असतात, आणि सगळ्यांवरच्या तारखा जुळतात. कागदावाचून अडतो तो खरा माणूस. कारण आपण आहोत एवढंच पुरेसं आहे, अशा समजुतीत त्याच्या तीन पिढ्या गेलेल्या असतात.

माझं भांडण पुरावा कोणी शोधायचा, याचं आहे. राज्यं कोणी बदलली? मी नाही. चांद्याचं चंद्रपूर मी केलं नाही. जिल्ह्याचे दोन भाग मी केले नाहीत. झाले ते बरंच झालं, लोकांनी ते मागितलंच होतं. पण भाग करताना दप्तर कुठलं कुठं गेलं, ते मला न विचारता गेलं. मग आता ते हुडकत नदीच्या दोन्ही काठांवर मी का हिंडायचं? ज्याने सामान हलवलं, त्याने वस्तू कुठं ठेवली ते सांगावं, एवढा नियम तर घरातल्या सुनेलाही लागू असतो.

आणि हे एकट्या माझ्या गावाचं नाही. तिकडे जिवती तालुक्यात, तेलंगणाच्या सीमेवर, चौदा गावं आहेत. त्या गावांवर दोन राज्यांचा दावा. वर्षानुवर्षं तिथल्या लोकांपाशी दोन रेशनकार्डं, दोन मतदार ओळखपत्रं, दोन भाषांच्या शाळा. आमच्याकडे एक कागद मिळता मिळत नाही, आणि तिथं सगळं दुहेरी. तरी जमिनीच्या पट्ट्याची बात निघाली, की दोन सरकारं असूनही माणूस पोरकाच. म्हणजे प्रश्न कागद कमी असण्याचा नाही, जास्त असण्याचाही नाही. सरहद्द सरकारने हलवायची आणि मधल्या माणसाने पळापळ करायची, हा प्रश्न आहे.

जातीच्या दाखल्याचं तेच. अनुसूचित जमातीच्या माणसाने ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा आणायचा. भटक्या-विमुक्ताने २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा. इतर मागासवर्गीयाने १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. यांतली पहिली तारीख आमच्याकडे मध्यप्रदेशात पडते, दुसरी चांद्यात पडते, तिसरी चंद्रपुरात पडते, आणि अर्ज मात्र गडचिरोलीत करायचा असतो. कॉलेजात प्रवेश घेणाऱ्या सतरा वर्षांच्या पोरीने हे सगळं ओळखावं, अशी अपेक्षा. मी इतकी वर्षं इतिहास शिकवला, मलाही हे पाठ व्हायला सत्तरी यावी लागली.

बरं, कायदे वाईट आहेत म्हणावं, तर तसंही नाही. वनहक्काचे नियम उघडून बघा. पुराव्यांच्या यादीत, गावातल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेलं लिहून घेतलेलं निवेदन हाही एक पुरावा म्हणून धरलेला आहे. याच कायद्याने धानोऱ्याकडच्या मेंढा गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. महाराष्ट्र सरकारने २०१५ सालीच सांगितलं, की साध्या कामांना साक्षांकित प्रती आणि प्रतिज्ञापत्रं मागू नका, माणसाच्या स्वतःच्या घोषणेवर विश्वास ठेवा. त्याच वर्षी लोकसेवा हक्काचा कायदा आला आणि दाखल्यांना दिवसांची मुदत लागली. म्हणजे दिल्लीचा कायदा म्हणतो, म्हाताऱ्या माणसाचं ऐका. मुंबईचा आदेश म्हणतो, माणसाचं ऐका. एवढंच काय, अमेरिकेचा नियमही म्हणतो, मावशीचं ऐका. मध्ये फक्त एक खिडकी आहे. ती म्हणते, "ॲफिडेव्हिट करून आणा."

खिडकीतल्या माणसाला मी दोष देत नाही. त्याला भीती असते. कागद घेऊन सही केली, तर उद्या चूक कागदाची. ऐकून सही केली, तर चूक त्याची. त्याच्या नोकरीपेक्षा माझा जन्म त्याला महत्त्वाचा वाटावा, असं मी कसं म्हणू?

म्हणून माझं मागणं अगदी थोडं आहे. एक: प्रत्येक गावाचा एक तक्ता छापा. कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत ते गाव कोणत्या तहसिलीत, कोणत्या जिल्ह्यात, कोणत्या राज्यात होतं, आणि त्या वर्षांचं दप्तर आज कुठं आहे. तो प्रत्येक दाखल्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर छापा. ती बाजू नाही तरी चहाचा कप ठेवायलाच वापरतात. दोन: नक्कल एका खिडकीशी मागितली, की शोध कार्यालयाने घ्यावा. कागदाने नदी ओलांडावी, माणसाने नव्हे. तीन: मावशी जे सांगेल, ते तिच्याच शब्दांत लिहून घ्यावं. तान्हा पोळा तर तान्हा पोळा. पंचांगात बघून तारीख काढायला काय लागतं?

आमच्या भागात स्थलांतराचं काम व्यवस्थित झालेलं मी एकाच बाबतीत पाहिलं आहे. २०२४ साली ताडोब्याहून दोन वाघिणी ओडिशात सिमिलीपालला पाठवल्या. सगळे कागद सरकारने आपण होऊन केले. त्यांतली झीनत तिथं थांबली नाही. झारखंड ओलांडून बंगालमध्ये गेली, आणि डिसेंबरच्या अखेरीला बांकुड्यात तिला पकडून परत नेलं. तीन राज्यं फिरली. एकानेही तिला अधिवासाचा दाखला विचारला नाही. तिच्या गळ्यात पट्टा होता, ती कुठं आहे ते सरकारच शोधत होतं. मी सौभाग्यवतीला म्हणालो, हे खरं. सरकारने आपल्याला शोधलं पाहिजे. ती म्हणाली, "त्यासाठी आधी लोकांना तुमची भीती वाटली पाहिजे."

असो. माझे कागद झाले. पोलिसांच्या दाखल्याला काहीच अडचण आली नाही. हवालदार घरी आला, शेजारच्या दोघांना विचारलं, गुरुजी कसे आहेत. ते म्हणाले, बरे आहेत. त्याने लिहून घेतलं, चहा घेतला आणि गेला. इतकं सोपं काम इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं. एक माणूस आला, त्याने माणसांना विचारलं आणि विश्वास ठेवला.

माझ्या विद्यार्थ्याचं काम अजून झालेलं नाही. मुंबईला व्हिसाच्या मुलाखतीला जाण्यापूर्वी मी त्याच्या गावी जाऊन आलो. तिथल्या चार म्हाताऱ्या माणसांना पारावर बसवलं, आणि त्याच्या आज्याबद्दल त्यांनी जे सांगितलं, ते माझ्या सुवाच्य मास्तरी अक्षरात लिहून काढलं. खाली चौघांचे अंगठे घेतले. नियमात बसतं की नाही ते ग्रामसभा आणि समिती बघेल, बसायला हवं. इतक्या पोरांच्या दाखल्यांवर अंदाजाने तारखा टाकल्या, त्याची थोडी फेड.

जुन्या खरेदीखतांत माणसाचा पत्ता फार छान लिहीत. राहणार अमुक गावचा, हल्ली मुक्काम तमुक. म्हणजे माणूस कुठला आणि सध्या असतो कुठं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या खत लिहिणाऱ्या कारकुनाला ठाऊक होतं. विमानात बसल्यावर तिथं उतरताना द्यायचा पत्ता मुलाने चिठ्ठीवर लिहून दिला होता, तो मी पाठ करत होतो. घर नंबर होता, रस्त्याचं नाव होतं, पाच आकडी पिनकोडही होता. सगळं रकान्यात बसणारं. मी खिशातून पेन काढलं आणि चिठ्ठीच्या वर लिहिलं: राहणार चांदा. आणि त्या इंग्रजी पत्त्याच्या आधी दोन शब्द टाकले, हल्ली मुक्काम.

सौभाग्यवतीने ते वाचलं. म्हणाली, "माझ्यासाठी हैदराबाद लिहा."